डेन्मार्कचा वाडगा काकीकडे

तोंडवलीच्या आमच्या घरात पाहुण्यांसाठी दोन खोल्या आहेत. गेल्या हिवाळ्यात तिथे राहिलेल्या डेन्मार्कच्या एका आजीबाईंनी जाताना माझ्या बायकोला आपला वाडगा भेट दिला. करडा, जड, दगडासारखा पक्का भाजलेला. बायको त्यात आमसुलं भिजवू लागली.

एकदा मी त्याच्या बुडावरची खूण मोबाईलवर शोधली. हा घाट गेल्या शतकाच्या मध्यावर तिकडच्या एका बाईंनी काढलेला, आणि आता लोक असे वाडगे हौसेने जमवतात. मी फूटपट्टी आणि वजनकाटा काढला. व्यास साडेएकवीस सेंटिमीटर, वजन आठशे तीस ग्रॅम. तिथल्या आकड्यांशी तंतोतंत. किंमत वाचून मी आमसुलं स्टीलच्या टोपात ओतली आणि वाडगा कपाटात ठेवला. जेवताना बायकोला सांगितलं की, भांडं रोज वापरात हवं असा घाट काढणाऱ्या त्या बाईंचा आग्रह असे.

"मगे तुमी कपाटात कित्याक ठेवल्यात?"

मी वाडगा कपाटातच राहू दिला. निदान कुलूप तरी लावायला हवं होतं.

पावसाळ्यात मी एक दिवस कणकवलीला गेलो. परत आलो तर कपाट रिकामं. बायकोने वाडग्यातून शेजारच्या काकीला तिसऱ्यांची, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांची, आमटी पाठवली होती. काकी एकटी राहते, मासे विकते.

"आणि वाडगो?"

"देतली तेव्हा देतली. रिकामा भांडा कोण परत देता?"

ते मलाही ठाऊक होतं. पण होड्या बंद होत्या. काकीकडे विकायलाच मासळी नव्हती, तर वाडग्यात घालायला कुठून येणार? आणि मागून घेणं म्हणजे तिचा अपमान. मी अकरा दिवस कळ काढली. त्यात सात वेळा काहीबाही निमित्ताने तिच्या पडवीत डोकावलो. वाडग्यात मीठ होतं.

बाराव्या दिवशी मी खोटं बोललो. "काकी, पावणे येवचे आसत. तो वाडगो जरा होयो होतो."

"रिकामो कसो देव रे झिला?"

तिने मीठ करवंटीत काढलं, वाडगा पुसला आणि सुक्या जवळ्याची बरणी खाली घेतली. बरणीत चार बोटं जवळा होता. वाडगा भरल्यावर दीड बोट उरला. मी "नको, नको" म्हणत होतो, पण हात पुढेच होते.

बायकोने वाडग्यात पाहिलं. "ह्यो तिच्या पावसाळ्याच्या बेगमीतलो. मागूक गेल्लात तुमी?"

त्या रात्री तिने तांदूळ भिजत घातले. सकाळी वाडगाभर घावणे माझ्या हातात दिले. "तुमीच न्या."

काकीने घावणे पाहिले, मग मला पाहिलं. "म्हणजे आता परत मियाच भरूचो?"

हा हिशेब माझ्या लक्षातच आला नव्हता.

"घाई नाय, काकी. होडये सुरू होवंदेत."

"मगे तोवर बघूक येव नको," ती म्हणाली आणि हसली.

वाडगा तिच्याकडेच आहे. तिच्या दारावरून जाताना मी समोरच्या माडांकडे बघत चालतो.