शिमग्यापर्यंतचं भात

शेती खात्यातले किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही हो. ऐंशीच्या दशकात खेड तालुक्यात कृषी सहायक म्हणून डोंगर चढा-उतरा, एसटी चुकवा, किस्से आपोआप साचत जातात. शेणखतासारखे कुजून कामाला आले असते, तर एव्हाना माझं कल्याण झालं असतं! हे सगळे एकाच गावातले. काम एवढंच होतं, माती सुधारायची. त्यात मीच दमलो.

*

पहिला हुकूम आला, मातीचे नमुने पाठवा. घरटी एक पिशवी. मी वाडीवाडीत ओरडून सांगितलं, "शेतातलीच माती द्या रे बाबांनो!"

काही दिवसांनी वरून शाबासकी आली. या गावची माती उत्तम, खताची गरजच नाही! साहेब खूश. मला घाम फुटला. त्या शेतांत जागोजागी कातळ वर आलेला मी रोज बघत होतो.

गावचे मुख्य मानकरी, म्हणजे गावकर, धोंडूतात्या. त्यांना गाठलं. "तात्या, ही माती कुठली?"

"गोठ्यामागची. चाळून, उन्हात सुकवून दिली."

"अहो, शेतातली मागितली होती ना?"

"काय बोलता सायेब! सरकारच्या घरी पाठवायची, न् खराब देऊ? गावाची काय अब्रू हाय का नाय?"

*

मग खताचे खड्डे. शेण आणि पालापाचोळा उघड्यावर वाळवू नका, खड्ड्यात कुजवा. तात्यांनी माझा मान ठेवला आणि घरामागच्या जांभ्या दगडात खड्डा खणला. पावसाळ्यात त्याचं तळं झालं. साहेब पाहणीला आले तेव्हा आत तात्यांची म्हैस डोळे मिटून बसली होती.

साहेब छत्रीखालून गरजले, "खत कुठाय?"

"येईल की," तात्या म्हणाले. "म्हस आतच बसलीय!"

*

खड्डे बुडाले, तर गिरिपुष्प आलं. बांधावर लावायचं आणि त्याचा पाला शेतात गाडायचा. मी स्वतः काठ्या वाहून नेल्या, लावल्या, जगवल्या. झाडं डोक्याच्या वर गेली आणि शिमगा आला. होमाला लाकडं कुणाच्याही बांधावरून न विचारता आणायची, हा रिवाज. सरकारी झाडं काय वेगळी असतात?

होम पेटला. तात्यांनी देवाला गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ज्या सायबाची झाडं होमात गेली, त्याला बढती दे, न् त्याची चांगल्या जागी बदली कर रे म्हाराजा!"

सगळा गाव म्हणाला, "व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठ्याने मी.

*

बदली काही झाली नाही. त्याच गावात भागीकाकी एकटी राहायची. मुलगा मुंबईत. त्याने आईला बजावलं होतं, "यंदा शिमग्याच्या आत भात संपलं, तर घराला कुलूप. शेत पडीक टाकायचं आणि माझ्याकडे यायचं." दरसाल तिचं भात शिमग्याच्या कितीतरी आधी संपायचं. काकीला मुंबईच्या नावानेच धाप लागायची.

आमच्याकडे भाताची रोपं करायच्या जागेवर टहाळ, शेण, गवत पसरून जाळतात. त्याला राब भाजणं म्हणतात. मी काकीला म्हटलं, "काकी, जाळू नका. तेच सगळं कुजवून मातीत घाला. फक्त माती सुधारायला दोन-तीन वर्षं लागतात."

"माझ्याकडं एकच हाय," काकी म्हणाली, आणि तयार झाली.

राब न भाजल्यामुळे तण माजलं. सगळा गाव हसला. तात्यासुद्धा बांधावर येऊन म्हणाले, "भागे, रोपं शोधायला दिवा आणू काय?" काकी पावसात वाकून तण उपटत राहिली. मला तिच्याकडे बघवेना. पीक आलं ते दरसालाइतकंच. मी तोंड लपवत फिरलो.

शिमग्याला मुलगा आला. कुलूप सोबत घेऊनच आला होता. घरात शिरला, भाताच्या कणगीवरचं झाकण काढलं आणि कोपरापर्यंत हात घातला. भात होतं! चांगली पाव कणगी!

मी दारातच उभा होतो. तो माझ्याकडे वळला. "भाऊसाहेब, मानलं तुम्हाला!" साहेबांनाही बातमी पोचली. पालखी नाचवून मुलगा मुंबईला परत गेला, कुलूप घेऊन.

एसटी वळणाआड गेल्यावर मी काकीच्या ओटीवर जाऊन बसलो. "काकी, अहो पीक तेवढंच आलं होतं. मग हे उरलं कसं?"

काकी चुलीत फुंकर घालत होती. "माती मऊ लागाय लागलीय हाताला. यंदा अजून पाला घालते. येईल दोन-तीन सालानं, तुमीच बोललात ना?"

"ते खरं, पण भात?"

"दिवाळीपासून नाचणीच खातेय मी," ती म्हणाली, आणि कणगीतलं भात कांडून काढलेले तांदूळ चुलीच्या वैलावरच्या आधणात टाकले. "आता पोरगा गेला. बसा सायेब, आज भात जेवूनच जा!"