उंबऱ्यात अडलेला पाडेली

गोव्यातल्या चोपड्याच्या कृष्णनाथाचं कुणाशीच पटत नसे, आणि त्याचं त्याला वाईटही वाटत नसे. उभा जन्म त्याने पाडेली म्हणून काढला. कमरेला कोयता अडकवून लोकांच्या माडांवर चढायचं आणि नारळ पाडायचे. खाली मालक ओरडतोय, वर हा एकटा. असा माणूस कुणाचं ऐकायचं नाही हेच शिकतो.

माडावरून तो एकदाही पडला नाही. पडला तो गणपतीच्या चवथीला, स्वतःच्या घराच्या उंबऱ्यात, पाहुण्यांनी भरलेल्या घरात, हातातल्या नैवेद्याच्या ताटासकट. मुलगा गुरुदास म्हापशाला नोकरीला, तिथेच त्याचा फ्लॅट. आई गेल्यापासून ‘एकटे राहू नका’ हे पालुपद तो लावून होताच. आता त्याला आयतं निमित्त मिळालं.

एका रविवारी तो अंकिताला गाडीत घालून घेऊन आला. ती फिजिओथेरपिस्ट, म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन पडण्याचा धोका तपासायची. तिने ‘धोका मोठा’ म्हटलं की घराला कुलूप आणि बाप म्हापशाला, हे गुरुदासने आधीच ठरवून टाकलं होतं. कृष्णनाथालाही ते ठाऊक होतं, म्हणून त्याने तिला ‘बस’ सुद्धा म्हटलं नाही.

“आजोबा, हात न टेकता खुर्चीवरून उठाल? दारापर्यंत जा, वळा, परत येऊन बसा.”

“जल्मभर माडार चडलंय मी,” कृष्णनाथ खेकसला, “आणि ह्यां चेडू माका कदेलार बसूक शिकयता!”

पण उठला. ताडकन उठला, चालला, वळला, परत येऊन बसला आणि त्याने मुलाकडे असं बघितलं, जणू कुस्ती मारलीय.

अंकिताने पाणी मागितलं. वैरी दारात आला तरी पाणी द्यावं, एवढी रीत त्याने पाळली होती. स्वयंपाकघरातून पेला घेऊन येताना त्याचा अंगठा उंबऱ्याला अडकला. चौकट धरली म्हणून वाचला. पाणी मात्र सगळं सांडलं.

“बघितलंत?” गुरुदास जवळजवळ खुशीत ओरडला. “हेच सांगत होतो मी!”

“पायांत ताकद चांगली आहे,” अंकिता म्हणाली. “पण आजोबा, चालताना तुम्ही खाली बघतच नाही.”

“पाडेली खाली बघणा नाय. बघला काय संपलो.”

पहिल्या माडावर त्याने खाली डोकावलं तेव्हा बापाने बुंध्यापासून सणसणीत शिवी हासडली होती. ती शिवी मानेत बसली ती बसलीच. माडावर तिने त्याला जगवलं, आणि घरात तीच त्याला पाडत होती, हे या म्हाताऱ्याला कोण सांगणार?

अंकिताने सांगितलं. उंबऱ्यांवर पिवळा पट्टा रंगवा, न्हाणीत धरायला दांडा बसवा; आजोबा खाली बघून चालायला शिकले तर इथेच राहू शकतील.

गुरुदासचा तोल सुटला. “त्यांना इथे ठेवायला आणलं नव्हतं मी तुम्हाला! बाबा, पडलात तर मला फोन करू नका.”

“करता कोण तुका!”

गुरुदास तणतणत बाहेर गेला आणि गाडीचा हॉर्न बडवू लागला.

“तू पण जा आता,” कृष्णनाथाने तिला फर्मावलं.

“एकदा खाली बघून उंबरा ओलांडून दाखवा. मग जाते.”

केवढा उंबरा तो! लेकरूही ओलांडेल. कृष्णनाथ समोर उभा राहिला आणि त्याने मान वाकवली. माडाच्या शेंड्यावर जी भीती त्याला कधी शिवली नव्हती, ती स्वतःच्याच घरात, आपल्याच पावलांकडे बघताना वाटली. त्याला संताप आला, मुलाचा, या पोरीचा, मेलेल्या बापाचासुद्धा. अंकिताने पुढे केलेला हात त्याने झिडकारला. पाय उचलला, पण पुढे पडेना.

बाहेर हॉर्न वाजतच होता.

“धर माका,” तो तिच्याकडे न बघता म्हणाला.