टिंबांच्या नांग्या

आमच्या परभणीच्या कॉलेजात संगणक एकच होता, आणि त्याच्या खोलीत चपला काढून जावं लागे. खोलीची किल्ली ज्या सरांकडे, तेच आपोआप माझे मार्गदर्शक झाले. त्यांचा विषय कापूस. माझा विषय, मेंदूतल्या चाळीस पेशींचं खोटं-खोटं जाळं संगणकात चालवून कोणती पेशी कधी पेटते ते कागदावर काढायचं. सरांनी तो मंजूर केला, कारण त्याला फवारणी लागत नव्हती.

चाळीस पेशी, चाळीस ओळी. पेशी पेटली की तिच्या ओळीत प्रिंटर एक टिंब मारी. मधेच वीज जाई, सगळं पुसलं जाई, मी पुन्हा टाइप करत बसे. विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळे परीक्षा दोनदा पुढे गेली म्हणून तर वेळ पुरला. शेवटी एकदाचा कागद आला. बरीच मोकळी जागा, आणि मधून वरून खाली तिरपी उतरलेली टिंबांची रांग. एकीने दुसरीला उठवलं होतं! मला रडूच आलं.

सरांनी कागद उजेडात धरला. "पोरी, उगवण लय विरळ झाली की गं. निम्मं रान उघडं हाय. नांग्या भर."

शेतात बी उगवत नाही तिथे पुन्हा बी टोकायचं, ते नांग्या भरणं. मी म्हणाले, "सर, पेशी गप्प असली की जागा मोकळीच राहते."

"मोकळा कागद बघून परीक्षक पास करतील का तुला? कशाला घाबरायलीस? मी हाव ना."

पदवी हवी होती. अक्कल गहाण ठेवून मी दुसऱ्या प्रतीवर काळ्या पेनने दोन दिवस टिंबं टोकली. सर येता-जाता ओळी बघून खूश होत.

बाहेरगावच्या परीक्षकांनी चष्मा पुसला. "सगळ्या पेशी एकदम पेटतात? अहो, हा तर फेफरं आलेला मेंदू!"

सरांनी लगेच पुस्तकी मराठी काढली. "तोच तर विषय आहे, साहेब."

"वा! झटका सुरू कुठून झाला?" परीक्षकांनी मला विचारलं.

मी एका टिंबावर बोट ठेवलं. ते माझ्याच पेनचं होतं.

पहिला वर्ग मिळाला. पदवी आज भिंतीवर आहे, खरा कागद ट्रंकेत. ती तिरपी रांग कुणाला तरी दाखवावी असं फार वाटतं. पण त्याआधी भिंतीवरची पदवी उतरवावी लागेल.