चाचीला चालेल का?

चाचा शेवेचं पाकीट उचलायचे, उलटं करायचे, डोळ्यांजवळ नेऊन मागचं सगळं पुटपुटत वाचायचे. मग डावीकडं मान वाकवून थांबायचे. पूर्वी तिथं चाची उभी राहायची, पण तिला जाऊन बरेच दिवस झाले होते. जरा वेळानं पाकीट ठेवून देत म्हणायचे, "चाची नाई म्हनते."

अकोल्यात माझं किराणा दुकान आहे. असं गिऱ्हाईक तुम्हीही पाहिलं असेल: घेणार चिमूटभर, उचकणार सगळं दुकान. वाचलेली पाकिटं चाचा पाठ बाहेर करून ठेवायचे आणि मी चिडून ती सरळ करत बसायचो. लोक पुढचं चित्र पाहून घेतात, असं सांगितलं तर म्हणायचे, "म्हनूनच तं."

चाचीच्या किडन्या बिघडल्या होत्या. डॉक्टरांनी मीठ तोडायला सांगितलेलं. पण कच्चा चिवडा म्हणजे तिचा जीव की प्राण, आणि त्यावर पाकिटातली शेव हवीच. सोडियम म्हणजे मीठच, हे चाचांनी दवाखान्यात विचारून घेतलं होतं. पाकिटावर आकडा लहानसा दिसला, म्हणून ते रोज संध्याकाळी तिला अख्खं पाकीट देत राहिले. आकडा एका मुठीपुरता होता, अख्ख्या पाकिटाचा नव्हता. चाची सुजली, भरती झाली, ती घरी आलीच नाही.

"माह्या वाचन्यावर भरोसा नाई राह्यला," ते एकदा म्हणाले. "आता तिलेच इचारून घेतो."



या हिवाळ्यात चाचाही गेले. त्याच सुमारास मला बीपी निघालं. बायकोनं घरातलं लोणचं-पापड बंद केलं, पण दुकानात कोण पाहतंय? दुपारच्या चहाबरोबर मी शेवेचं पाकीट फोडायचोच. मग सकाळी शटर उघडलं की शेवेची तेवढी पाकिटं पाठ बाहेर केलेली दिसायला लागली. बायकोवर ओरडलो. तिनं पोराची शपथ घेतली. आणि किल्ली तर माझ्याच खिशात असते, बाप्पा!

काल दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. फोडायला घेतलेलं पाकीट मी, का कोण जाणे, उलटं केलं आणि मोठ्यानं वाचलं. मान आपोआप डावीकडं वळली.

"नको, बेटा."

अगदी कानाशी, मायेनं. मी पाकीट ठेवून दिलं, पाठ बाहेर करून. आवाज चाचांचा असता तर एवढा घाबरलो नसतो. बाईचा होता.