न रडणारी पोरगी

"ये तो रो भी नहीं रही. हिला काय दुखतंय?" राऊंडला आमचे सर म्हणाले, केसपेपरवर ‘पेन नाही’ असं लिहिलं आणि पुढच्या बेडकडे वळले.

सर म्हणजे गोंदियातल्या त्या खाजगी दवाखान्याचे मालक, हाडांचे सर्जन. मी तिथली भूलतज्ज्ञ. पोरगी सात वर्षांची, दरेकसा गावची. झाडावरून पडून हात मोडला होता. सकाळी मी भूल दिली, सरांनी हाड बसवून प्लास्टर घातलं. आता भूल उतरली होती. शेजारच्या बेडवरचा व्यापाऱ्याचा मुलगा साध्या ड्रेसिंगला वॉर्ड डोक्यावर घेत होता, म्हणून त्याला औषध मिळत होतं. दुखणं मोजायला सरांकडे एकच यंत्र होतं, स्वतःचे कान.

पोरगी ओठ दाबून छताकडे बघत होती. कपाळावर घाम. बोटं पाहिली, तर गरम होती, हलतही होती. म्हणजे प्लास्टर आवळलं नव्हतं, हाडच ठणकत होतं.

"दुखते का गं?"

तिने बापाकडे पाहिलं.

"माही पोरगी रडत नाही, म्याडम," बाप कौतुकाने म्हणाला. "म्या सांगून ठेवलं तिले, रडशील तं डाक्टर सुई टोचते."

मला रागच आला, बापाचा कमी आणि आमचा जास्त. पोरं घाबरतात आम्हाला, आणि गप्प बसली की त्यांना बरी ठरवतोही आम्हीच.

मी सरांना गाठलं. "सर, पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन, दोन्ही सिरप देते."

"दो-दो काहे को? एकच जास्त दे."

"पॅरासिटामॉल जास्त दिलं तर लिव्हर बिघडेल. दोन्ही औषधं वेगवेगळ्या तऱ्हेने काम करतात. वजनाप्रमाणे ठरलेला डोस दिला की एकट्यापेक्षा जास्त आराम पडतो."

"दे. लेकिन वो रो नहीं रही," सरांनी आठवण करून दिली.

वजन केलं, थोडं दूध पाजलं, सुई नाही असं दोनदा सांगितलं आणि सिरप दिली.

तासाभराने पोरीने भोकाड पसरलं. सर ऐटीत आले. "देखा? चांगली शांत होती. तुझ्या दवेने रडायला लागली!" उभ्याउभ्या इंजेक्शन लिहूनही टाकलं.

"कायले रडून राहिली? हात दुखते?" मी विचारलं.

"नाही! भूक लागली! मले भात पाह्यजे!"

सरांनी इंजेक्शन खोडलं. खाली मी वरण-भात लिहिला.

तेव्हापासून राऊंडला मी आधी न रडणाऱ्या पोराकडे जाते. रडणाऱ्याकडे सर जातातच.