तळोज्याला पोचेपर्यंत वाढणारी कोळंबी

माझा स्वभाव मुळातच संशयी. घरचे म्हणतात, हिला देवळात प्रसाद दिला तरी ही आधी वास घेऊन बघेल. बघेन, त्यात काय झालं? माझं कामच तसलं आहे. मासळी कुठल्या होडीची, कसल्या जाळ्याने धरली, वाटेत तिच्यात दुसरी मिसळली का, हे मी तपासते. सगळं नीट असेल तरच 'ही मासळी समुद्र न ओरबाडता धरली आहे' असं सर्टिफिकेट टिकतं. अशा कामावर भोळी बाई ठेवून कसं चालेल?

तळोज्यातला एक कारखाना माझ्याकडे तपासणीला होता. कोळंबी सोलायची, गोठवायची आणि परदेशी पाठवायची, हा त्यांचा धंदा. त्यांना माल देणाऱ्यांत दिवाळे गावची एक कोळीण होती. पन्नाशी ओलांडलेली, आवाज खणखणीत. तिच्या घरच्या आणि भावकीच्या होड्या सर्टिफिकेटच्या यादीत होत्या. यादीत यायला त्यांनी बारीक भोकांची जाळी टाकून मोठ्या भोकांची घेतली होती, पिल्लं निसटून जावीत म्हणून. त्यामुळे माल कमी मिळायचा, पण कारखाना तो सगळा ठरल्या भावाने घ्यायचा. यादीतून नाव गेलं असतं तर माल कमीचा कमी राहिला असता आणि कारखानाही गेला असता.

आणि नेमकं तिच्याच मालात मला काहीतरी खटकलं. जेट्टीवर केलेलं वजन आणि कारखान्यात केलेलं वजन जुळत नव्हतं. कमी भरलं असतं तर मी काही बोलले नसते. बर्फ वितळतो, पाणी गळतं, कोळंबी वाटेत घटतेच. हिची कोळंबी मात्र दिवाळ्याहून तळोज्याला पोचेपर्यंत वाढत होती. एखाद्या खेपेला नाही, दर खेपेला.

आमच्या धंद्यात याचा एकच अर्थ होतो. वाटेत कुणीतरी दुसऱ्या होड्यांचा माल यात घुसवतोय. मी कारखान्याच्या मॅनेजरला विचारलं. तो हसून म्हणाला, "मॅडम, तुम्ही टेन्शन घेऊ नका. बाईला यादीतून काढून टाकतो, विषय संपला." झालं, माझा संशय त्याच्यावर गेला. चांगला माल देणारी बाई इतक्या सहज कोण सोडतो? मग टेम्पोवाल्याला गाठलं. वाटेत कुठे थांबतोस, विचारलं. तो म्हणाला, "सिग्नलला." मला तर त्या सिग्नलचाही संशय आला.

शेवटी तिलाच फोन लावला. "मावशी, तुमच्या मालात दुसऱ्या कुणाची कोळंबी येते का?"

"दुसऱ्याची कशाला येल? आमची काय कमी हाय?" म्हणाली आणि तिने फोन ठेवून दिला. फोन असा ठेवणारा माणूस माझ्या हिशेबी निम्मा चोर ठरतो.

मग मी न कळवता दिवाळ्याच्या जेट्टीवर गेले. सकाळची भरती होती, होड्या आत येत होत्या. मी बर्फाच्या गाडीमागे उभी राहिले. चांगल्या शिकल्यासवरलेल्या बाईने असं लपून बघावं हे शोभत नाही, पण मी बघितलं. तिची होडी लागली. कोळंबी उतरली. आधी एका पाटीत घरच्यांच्या खाण्यापुरता वाटा काढला, तो बाजूला ठेवला. बाकीचा माल क्रेटमध्ये भरून काट्यावर चढवला, वजन लिहून घेतलं. इथपर्यंत सगळं सरळ होतं. मग तिने ती घरची पाटी ओढली आणि वजन झालेल्या प्रत्येक क्रेटमध्ये दोन दोन मुठी कोळंबी टाकत गेली.

मी तडक पुढे झाले. "मावशी, हे काय घालताय?"

ती दचकलीसुद्धा नाही. "वर घालते."

"वर म्हणजे?"

"तू बाजारात मासली घेतीस, तवा वर मागतीस का नाय?"

मागते. वाटा घेतल्यावर कोळणीने दोन मासे वर घातले नाहीत तर भांडतेसुद्धा. सगळेच भांडतात.

"मंग कारखाना पन गिऱ्हाईकच हाय ना?" ती म्हणाली. "मोजून दिला नि वर काय नाय घातला, तर गिऱ्हाईक परत येल का?"

पाटी त्याच होडीतून भरलेली मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. तरी खलाशाला बाजूला घेऊन विचारलं, पलीकडच्या कोळणीला वेगळं विचारलं. दोघांनीही तेच सांगितलं. पाटीच्या तळाशी थोडीशी कोळंबी उरली होती. आज घरी काय शिजवणार, असं मावशीला विचारलं तर म्हणाली, "सुकट हाय ना."

खरं सांगायचं तर मला फार लाज वाटली. पण नियम नियमच. वजनात न आलेली कोळंबी कुठून आली हे कागदावर सिद्ध होत नाही, आणि ती तशीच येत राहिली तर होड्या यादीतून जाणार. मी तिला समजावलं. म्हटलं, वर घाला, पण काट्यावर चढवायच्या आधी घाला.

"मोजून घातला तर तो माल झाला," ती म्हणाली. "वर कसला मंग?"

मी पुन्हा यादीचंच सांगितलं. तिने होड्यांकडे बघितलं. मग म्हणाली, "बंद करते. होड्या राहू देत यादीत." तिने पाटी उचलली. "नि बर्फाच्या गाडीमागनं कवाची बघत होतीस तू. इचारला असता तर दाखवला असता."

"मावशी, राग मानू नका."

"राग कसला गो? पन एक हाय. इतके दिवस मी कारखान्याचा काटा कधी बघितला नाय. वर घातलेलाच असायचा, थोडा मागंपुढं झाला तरी चालत होता. आता बरोबर तेवढाच द्याचा, म्हंजे मला बघाया लागेल."

पुढच्या तपासणीला तळोज्याला गेले. तिची वजनं जशी असायला हवी तशी होती, निघताना जास्त, पोचल्यावर किंचित कमी. शंकेला जागा नव्हती. होड्या यादीत राहिल्या. मी माल उतरतो तिथे गेले तर टेम्पोतून ड्रायव्हरशेजारून ती उतरत होती. आता दर खेपेला येते, असं मॅनेजर कपाळाला आठ्या घालून सांगत होता. दिवाळ्याहून तळोज्याला, घरचं सगळं टाकून. माझ्याकडे तिने बघितलं आणि ओळख दाखवली नाही. माझा हा रोग मी तिला लावला होता, आणि तिच्याकडे बघून मला फार वाईट वाटलं.

मॅनेजरने तिला चहा विचारला.

"आधी काटा शून्यावर दाखव," ती म्हणाली.