सेटिंग न्हाई, सोय

ग्रंथपालांच्या मेल-यादीवरच्या मंडळींनो, दुपारी इथं सांगलीत घडलेलं अजून डोळ्यांसमोर तरंगतंय, म्हणून लिहितेय.

आमच्या वाचनालयात एकच कॉम्प्युटर आहे. त्यावर तिघं कर्मचारी पाळीपाळीनं बसतात, प्रत्येकाचं नाव आणि पासवर्ड वेगळा. पण अक्षरं मोठी करायची म्हटलं तरी मला बोलवावं लागायचं. आज मी प्रत्येकाच्या पडद्यावर एक छोटं चित्र ठेवलं आणि खाली लिहिलं, 'सेटिंग'. आता ज्यानं त्यानं आपलं बघावं.

दुष्काळी कवठे महांकाळचे नाना फौजेतून निवृत्त होऊन आमच्याकडं कामाला लागलेले. ते त्या चित्राला हातच लावेनात. बारीक अक्षरांना कंटाळून उद्यापासून पुस्तकांच्या नोंदीला परत रजिस्टरच द्या म्हणत होते.

"मॅडम, आमी सेटिंग लावणारी माणसं न्हाई."

मला आधी कळेना. मग लक्षात आलं, त्यांच्या लेखी सेटिंग म्हणजे आतून जमवलेलं काम. मी तो शब्द खोडून 'सोय' लिहिलं.

"सोय व्हय? मग बघतो की."

त्यांनी अक्षरं बोराएवढी केली. मग रंगांत शिरले ते बराच वेळ बाहेरच आले नाहीत. शेवटी सगळा पडदा निळा केला, काठोकाठ भरलेल्या तळ्यासारखा.

उठताना त्यांनी विचारलं, "दुसरं कोण बसलं की ह्ये पाणी आटतंय का?"

"नाही नाना. तुमच्या नावाखाली तसंच राहतं."

ते दारापर्यंत गेले, परत आले, आपलं नाव टाकलं, आणि पाणी आहे एवढं बघून घरी गेले.